नातीच्या नावाचं मतदान

तारीख तीन, मंगळवार

अहो, तुम्ही हे वाचायला घ्याल तेव्हा चष्मा कपाळावर असेल आणि तुम्ही तो उशीखाली शोधत असाल. मी कुठे गेलेय आणि कशाला, तेही विसरला असाल. म्हणून आधीच सांगते. मी घर सोडून पळालेले नाही. लेकीकडे आलेय. आपल्या लेकीला मुलगी झालीय. म्हणजे तुम्ही आजोबा झालात, अभिनंदन. आता आपल्या लाँड्रीत जाऊन इस्त्रीचं बटण बंद आहे का बघून या, मग पुढे वाचा.

आलात? बसा.

दिवेलागणीला मी दिवसभराचं सांगायचं आणि तुम्ही वहीत लिहायचं, ही आपली लग्नापासूनची पद्धत. इथे तुम्ही नाही, म्हणून लेक लिहितेय. तिचं अक्षर म्हणे मोत्यासारखं आहे, तुमच्यासारखे कुत्र्यामांजराचे पाय नाहीत. मला काय, मला मोती आणि मांजर दोन्ही सारखेच. पण तिला अट घातलीय. मी वहीशी बोलतेय, तिच्याशी नाही. तिच्याबद्दल काही वाकडं बोलले तरी मुकाट्याने लिहायचं.

नात काळीसावळी, जावळ दाट, रडायला लागली की पायाच्या अंगठ्यापर्यंत लाल होते. मी तिला मिरची म्हणते. तात्पुरतं. कारण पोरीला अजून नाव नाही. मी विचारलं, "का गं, नावं संपली का बाजारातली?" तर लेक दुपट्याच्या घड्या घालत बसली. मग जावईबापू पुढे झाले. त्यांचं काम तुम्हाला आठवत नसेल. ते रेडिओवर सकाळी बडबडतात. कुठल्या रस्त्यावर किती गर्दी ते सांगायचं, गाणी लावायची, अनोळखी माणसांशी फोनवर खिदळायचं. मी त्यांना मनातल्या मनात भोंगा म्हणते. (हेही लिही. लिहिलंस? बरं.)

तर भोंगा म्हणाला, "आई, नावाचं मतदान चालू आहे. श्रोते ठरवणार!"

मला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती.

तारीख चार, बुधवार

आज सकाळी रेडिओ लावून बसले. लेक म्हणाली, "आई, बंद कर." मी केला नाही. मला ऐकायचं होतं माझ्या नातीला बाजारात काय भाव मिळतोय ते.

एक म्हणाला पासवर्ड ठेवा. एक म्हणाली सोमवार, कारण मूल सोमवारी झालं. एका कॉलेजच्या पोरट्याने टॅक्सिका सुचवलं आणि स्वतःच फिदीफिदी हसला. सगळ्यात जास्त मतं कशाला? तर सिग्नल. का? तर पोरगी टॅक्सीत झाली, पुलाखालच्या लाल सिग्नलला. दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही.

झाली म्हणून काय झालं? माझा जन्म चुलीपाशी झाला, मला कुणी राख म्हटलं नाही. तुम्ही झालात तेव्हा तुमच्या आईच्या अंगावर गोठ्याचं छप्पर गळत होतं म्हणतात. तुम्हाला गळकं म्हणायचं का? तसं म्हणायला हरकत नव्हती, पण कुणी म्हटलं नाही ना!

भोंगा माइकवर सांगत होता, "मित्रांनो, शब्द देतो. जे नाव जिंकेल तेच माझ्या परीचं नाव!" आणि मागून टाळ्या. टाळ्यासुद्धा खऱ्या नसतात म्हणे, बटण दाबलं की वाजतात.

मी लेकीला म्हटलं, "तुला चालतंय हे?"

"बघू."

"बघू काय? पोटची पोर आहे, पडद्याचं कापड नाही."

"आई, तू वहीशी बोलतेयस ना?"

बघा. माझीच अट माझ्या गळ्यात. ही लहानपणी किती भांडखोर होती! समोरच्या न्हाव्याच्या मुलाला दगड मारून आली होती. ती कुठे गेली कोण जाणे. आता सगळ्याला "बघू". गव्हाच्या कणकेसारखी मऊ पडलीय. लिही, मऊ पडलीय असंच लिही.

तारीख सहा, शुक्रवार

आज फक्त खिडकीचं भांडण.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. बाहेरच्या खोलीच्या खिडकीखाली चौक आणि चौकात सिग्नल. मला तो आवडतो. सगळ्या गावात मला वाचता येणारी तेवढी एकच पाटी. लाल, पिवळा, हिरवा, संपलं पुस्तक. पण मी खिडकी उघडली की ही येऊन लावते. हॉर्न वाजला की खांदे वर घेते. पोर मांडीवर असली तर तिचे कान झाकते. मी म्हटलं, "वारा येऊ दे गं, बाळंतिणीची खोली आहे, लोणच्याची बरणी नव्हे." तर म्हणाली, "डोकं दुखतं." पोरीला घेऊन घरी आली तेव्हापासून खाली उतरलेली नाही. इतका आळस बरा नव्हे.

तारीख आठ, रविवार

आज भोंग्याला सुट्टी. म्हणून आज युद्ध.

श्रोत्यांनी पार्सल पाठवलं. त्यात बाळाचा फ्रॉक, पांढरा, छातीवर लाल, पिवळा, हिरवा असे तीन गोल. भोंग्याने लगेच मिरचीला घातला आणि फोटो काढू लागला. लेक आली, तिने फ्रॉक काढला, पोरीला आपल्या पदरात गुंडाळलं आणि आत गेली.

"हिला काय झालं?" भोंगा मला विचारतो.

"कापड टोचत असेल," मी म्हटलं. तेव्हा मला खरंच तसं वाटलं.

मग मी बसवलं त्यांना समोर.

"जावईबापू, पोरीचं नाव लोक का ठेवणार?"

"आई, हल्ली सगळेच वेगळी नावं ठेवतात. गर्दीत उठून दिसायला हवं मूल."

"मूल आहे ते, दुकानाची पाटी नाही."

"लोक किती प्रेमाने देतायत."

"लोक प्रेमाने भटक्या कुत्र्याला बिस्किटही देतात. म्हणून काय आपण शेपूट हलवायची?"

ते हसले. मी चिडले की हे हसतात. रेडिओची सवय. समोरच्याला राग आला तरी त्यांना कार्यक्रम रंगला असं वाटतं.

मी त्यांना लाँड्रीतली गोष्ट सांगितली. आपल्याकडे शंभर घरांचे कपडे येतात, आणि मला अक्षर येत नाही, तरी कुणाची पँट कुणाला गेली नाही. कारण मी प्रत्येक घराची खूण घालते, दोऱ्याचे दोन टाके नाहीतर छोटी फुली. पण ती खूण कुठे घालते? कॉलरच्या आत. मानेला लागते तिथे. घालणाऱ्याला ठाऊक आणि धुणाऱ्याला ठाऊक. छातीवर घातली तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दुकान पेटवेल. नाव तसंच असतं, जावईबापू. ते तुमच्या गर्दीसाठी नसतं.

म्हणाले, "वा आई, काय बोललात! हे उद्या ऑन एअर सांगतो."

मला वाटलं, हातातली परात त्यांच्या डोक्यात घालावी.

सतरा तारखेला, मंगळवारी, हे माइक घेऊन नोंदणीच्या ऑफिसात जाणार. बायको आणि मूल बरोबर. तिथून थेट रेडिओवर नाव जाहीर करायचं आणि तिथेच नोंदवायचं. रेडिओच्या साहेबांनी गाडीसुद्धा सांगून ठेवलीय. एकदा सरकारी शिक्का बसला की पोर जन्मभर सिग्नल. शाळेत सिग्नल, लग्नात सिग्नल, म्हातारी झाली तरी सिग्नल आजी.

संध्याकाळी मी तो फ्रॉक उकळत्या पाण्यात टाकला. चाळीस वर्षं कपडे धुतेय, कच्चा लाल रंग मला लांबून कळतो. नेमका त्याच बादलीत भोंग्याचा पांढरा शर्ट होता. दोन्ही गुलाबी झाले. अरेरे.

लेक हे लिहिताना हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

तारीख नऊ, सोमवार

रागाने घसा बसलाय. आज वहीला सुट्टी.

तारीख अकरा, बुधवार

आज जे सांगितलं ते निम्मं मी आणि निम्मं हिने.

सकाळी दूध आणायला खाली गेले. दूधवाला म्हणाला, "या या, सिग्नलच्या आजी!" दुकानात बसलेले चारसहा लोक वळून हसले. एक बाई म्हणाली, "आमच्या बाळीला कधी आणताय दाखवायला?" आमच्या म्हणे! मी विचारलं, तुमची कशी? तर दूधवाला म्हणाला, "अहो, आम्ही सगळ्यांनी ऐकलं ना तिचा जन्म. लाइव्ह! वहिनी कशा ओरडत होत्या..." आणि त्याने तसं ओरडून दाखवलं. सगळे हसले. मला वाटलं काहीतरी गंमत असेल, मीही हसले.

हे मी सांगत होते तेव्हा लेकीचं पेन थांबलं. मी म्हटलं, "लिही की." तिने लिहिलं नाही. मिरची मांडीवर झोपली होती, तिच्या जावळावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "आई, आता मी बोलते. आणि मीच लिहिते."

पुढचं तिचं आहे. मी एक अक्षर घातलेलं नाही.

"सकाळी दुखायला लागलं. तो कामावर होता, कामावर त्याचा मोबाइल बंद असतो. शेजारचं दार बंद. मी टॅक्सी बोलावली. टॅक्सीवाली बाई होती. पुलाखाली सगळं अडकलं होतं. सिग्नल हिरवा व्हायचा, गाड्या हलायच्या नाहीत, परत लाल. मला कळलं की आता होणार. मी रेडिओच्या नंबरवर फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, होल्ड करा, देते. मग त्याचा आवाज आला. मी म्हटलं, ये. तो म्हणाला, 'मित्रांनो, कोण आहे लाइनवर? माझी बायको, थेट टॅक्सीतून!' मी म्हटलं, ये ना रे, लवकर ये. तो म्हणाला, 'ऐकताय ना? घाबरू नकोस राणी, सगळं शहर तुझ्याबरोबर आहे!' मग मी ओरडले. मग तो म्हणाला, 'एक छानसं गाणं ऐकूया, लगेच परत येतो.' गाणं लागलं. फोनमध्ये तेच, टॅक्सीच्या रेडिओत तेच. आजूबाजूच्या गाड्यांतही तेच लागलं होतं. लोक काचा खाली करून बघत होते. टॅक्सीवालीने रेडिओ बंद केला, आपलं जाकीट काढून माझ्याखाली घातलं. ती म्हणाली, माझ्याकडे बघ, दुसरीकडे नको. डोकं बाहेर आलं तेव्हाही बाहेर गाणं चालूच होतं. आई, मी होल्डवर होते."

एवढंच.

मी उठले, ओट्यावरचा रेडिओ उचलला आणि साबणाच्या बादलीत भिजत घातला.

तारीख बारा, गुरुवार

डोळ्याला डोळा लागला नाही. नवऱ्याला बोलावते ती बाई, आणि हा गावाला गाणं ऐकवतो! आणि वर त्या जागेचं नाव पोरीच्या कपाळावर गोंदायला निघालाय. म्हणजे हिला दिवसातून शंभर वेळा हाक मारायची आणि शंभर वेळा त्या टॅक्सीत जाऊन पडायचं.

मी चप्पल घातली. म्हटलं, "चालले त्याच्या ऑफिसात. साहेबाच्या टेबलावर चढून सांगते."

लेक म्हणाली, "नको. तू गेलीस की तुलाही माइकसमोर बसवतील. 'आज आपल्यासोबत आहेत चिडलेल्या आजी.' तुझ्या शिव्यांना टाळ्या लावतील. लोक फोन करून अजून शिव्या मागतील."

खरं होतं ते. अहो, मला आयुष्यात पहिल्यांदा असं माणूस भेटलंय की ज्याच्यावर रागावलं तर त्याचा धंदा चालतो. आता रागवायचं तरी कसं?

"मग काय करायचं?"

"बघू," ती म्हणाली. पण ते "बघू" वेगळं होतं. न्हाव्याच्या मुलाला दगड मारायच्या आधीचं.

तारीख तेरा, शुक्रवार

भोंगा: "आई, रेडिओ बंद कसा पडला?"

मी: "बंद नाही पडला. स्वच्छ झाला."

तारीख सोळा, सोमवार

अहो, अक्षर बदललेलं दिसेल. दचकू नका. लेक आत झोपलीय आणि आज जावईबापू लिहितायत. का? तर मी सांगितलं म्हणून. त्यांना म्हटलं, रोज तुम्ही बोलता आणि गाव ऐकतं, आज मी बोलते आणि तुम्ही लिहा. एक अक्षर गाळायचं नाही. गाळलं तरी मला कळणार नाही, पण आत जी झोपलीय ती उठली की वाचून दाखवणार आहे.

लिहा: माझा जावई भोंगा आहे. लिहिलंत? पुढे.

आज सकाळी हे कामावर गेल्यावर लेकीने केस विंचरले. पोरीला गुंडाळलं. म्हणाली, "आई, चल." खाली तीच टॅक्सीवाली उभी होती. हिने कधी फोन केला मला माहीत नाही. टॅक्सीवाली रोडकी बाई, हाताला तेलाचे डाग. तिने मिरचीकडे बघितलं आणि म्हणाली, "मोठी झाली की." बस. ना फोटो, ना काही. आणि न सांगता रेडिओ बंद केला.

चौकात लाल लागला. लेकीने माझा हात असा धरला की बांगडी रुतली. हॉर्न वाजत होते. तिचे ओठ पांढरे पडले. टॅक्सीवाली आरशात बघून म्हणाली, "माझ्याकडे बघ." लेकीने बघितलं. मग हिरवा झाला आणि आम्ही निघालो. मी इतके दिवस तो दिवा खिडकीतून कौतुकाने बघत होते. माझी मेलीची मती कुठे गेली होती! हे लिहू नका. बरं, लिहा.

ऑफिसातला कारकून शर्टाच्या खिशाला चार पेनं लावून बसला होता. पत्ता बघून म्हणाला, "अरे! तुम्ही त्या सिग्नलवाल्या ना? आम्ही तर उद्या वाट बघणार होतो. पेढे... म्हणजे बर्फी सांगितलीय साहेबांनी!"

लेक म्हणाली, "नाही. त्या मी नव्हे."

मग वाकून तिने नाव सांगितलं, हळू. तो मोठ्याने म्हणणार तोच मी म्हटलं, "ओरडू नका. लिहा नुसतं." त्याने लिहिलं. शिक्का मारला. आईची सही पुरते, मी तिथेच विचारून घेतलं. जिन्यावर लेकीने पोरीच्या कानाशी तोंड नेऊन तिला ते सांगितलं. मिरची लाल झाली आणि केवढी मोठ्याने रडली! आवडलं असावं.

दुपारी हे घरी आले. लेक म्हणाली, "नाव ठेवलं. नोंदवलं."

हे म्हणाले, "काय? उद्या लाइव्ह आहे! काय ठेवलंस?"

ती म्हणाली, "जिचं आहे तिला सांगितलंय." आणि दाखला उशीखाली घालून, पोरीला कुशीत घेऊन झोपली. बाहेर हॉर्न वाजतायत आणि झोपलीय. खिडकी उघडी आहे.

आता जावईबापू विचारतायत, "आई, निदान उद्या मी लोकांना काय सांगू?" लिहा, तुमचा प्रश्नही लिहा. उत्तर नंतर.

म्हणतायत, "मला खरंच वाटलं होतं की ती एकटी नाही. सगळं शहर तिच्याबरोबर होतं."

हो, शहर होतं. तुम्ही नव्हता.

हे मोठ्या अक्षरात लिहा. मला वाचता येत नाही, पण मोठं आणि लहान कळतं. अजून मोठं.

रडताय काय? शाई पसरेल. कागद तुमच्या सासऱ्याला वाचायचाय, त्यांना आधीच कमी दिसतं.

अहो, नाव मला माहीत आहे. चांगलं आहे. तुम्हाला सांगायला जीभ नुसती वळवळतेय. पण पेन भोंग्याच्या हातात आहे, म्हणून गिळून टाकते. त्यांना ते आज मिळणार नाही. लेकीने त्यांना जे सांगायला सांगितलंय ते मी आता सांगते. उद्या कामावर जायचं. माइक चालू करायचा. म्हणायचं, नाव ठेवलंय, तिच्या आईने ठेवलंय, आणि ते तुम्हा कुणाला कळणार नाही. टाळ्यांचं बटण दाबायचं नाही. त्यानंतर गाणं लावायचं नाही. उठायचं आणि घरी यायचं. बायको ये म्हणाली की यायचं असतं, एवढं साधं आहे ते. मग ती सांगेल किंवा नाही सांगणार, तिची मर्जी.

साहेब काढून टाकतील म्हणतायत. टाकू देत. आपल्या लाँड्रीत कपडे घडी करायला माणूस हवाच आहे. तिथे तोंड बंद ठेवून काम करतात.

वही आज रात्रीच्या बसने पाठवतेय, पहाटे तुम्हाला मिळेल. आता तुमचं काम, आणि हे विसरू नका, हाताला दोरा बांधून ठेवा. बुधवारच्या बसने घरच्या कोंबड्यांची अंडी पाठवा, भुशात पुरून, आणि कच्ची. मागच्या वेळी तुम्ही उकडून पाठवली होती आणि आठवडाभर घराला वास येत होता. अक्रोड फोडून पाठवा, लेकीला फोडत बसायला वेळ नाही. मधाची बाटली उभी ठेवा, आडवी नव्हे. टॅक्सीवालीसाठी एक बाटली वेगळी बांधा. बाकी सगळं दोघींपुरतंच पाठवा. तिसऱ्याला काय द्यायचं ते उद्या रेडिओ ऐकून तुम्हीच ठरवा, तोपर्यंत त्याच्या वाट्याची अंडी कोंबडीखालीच राहू देत.